साडेसतरा नंबरचं कार्ड

हॉलमध्ये चव्वेचाळीस टेबलं होती. त्यांतली एकेचाळीस कार्डांनी भरलेली, दोन रिकामी, आणि एकावर अग्निशमन दलातल्या जवानांच्या बायका कॉफी आणि बटाटा भरून लोण्यात परतलेले पिरोगी विकत होत्या. माणसं एकशे सोळा. बायका सात, पैकी दोन पिरोगीवाल्या, चार नवऱ्याचं कधी आटपतंय याची वाट बघत भिंतीशी बसलेल्या, आणि सातवी रोवेना स्ट्रुझिक. चाळिशीच्या आतली माणसं पाच. टोप्या त्र्याहत्तर. त्या टोप्यांखाली केस किती आणि मेंदू किती, हे मोजायचं रोवेनाने सोडून दिलं.

मोजायची तिला सवयच होती. केलर्स फॉल्समधल्या बेअरिंगच्या कारखान्यात तिने सगळा जन्म मोजमापाच्या खोलीत काढला होता. पोलादाची गोळी इंचाच्या हजाराव्या भागाने चुकली तरी ती अख्खी पेटी परत पाठवायची, आणि परत पाठवताना तिला मनातून बरं वाटायचं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. तेव्हा ती जुन्या बेसबॉल कार्डांकडे वळली. खेळाची आवड म्हणून नव्हे. बेसबॉल बघताना तिला झोप येई. कार्डं सपाट होती, चौकोनी होती आणि मोजता येत होती, एवढंच तिला पुरेसं होतं.

पण कार्डांबरोबर ती जमवणारी माणसं येतात, हे तिला उशिरा कळलं.

प्रत्येक टेबलापाशी एकच गोष्ट चालू असे. लहानपणी माझ्याकडे बुटांच्या खोक्यात सगळी कार्डं होती, सगळी म्हणजे सगळी. मी कॉलेजला गेलो आणि आईनं खोकं कचऱ्यात टाकलं. ही गोष्ट सांगताना साठी-सत्तरीच्या बाप्यांचे डोळे भरून येत. ऐकणारा मान हलवी आणि मग स्वतःच्या आईची तीच गोष्ट सांगे. रोवेनाने एकदा बसून हिशेब केला होता. या जिल्ह्यातल्या आयांनी जेवढी दुर्मिळ कार्डं कचऱ्यात घातली असं त्यांची पोरं सांगत होती, तेवढी मुळात छापलीच गेली नव्हती. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तसं हरवलेल्या खोक्यात हजारभर कार्डं.

नामांकित खेळाडूंच्या टेबलांभोवती गर्दी होती. तिथले लोक डोळ्याला भिंग लावून कार्डाचे चार कोपरे बघत. टोकदार आहे का, घासला आहे का, कुणी गुपचूप कापून नवा केला आहे का. मधल्या माणसाच्या चेहऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. रोवेना त्यांना 'कोपरेवाले' म्हणायची, आणि तेही सभ्य शब्द वापरायचा म्हणून.

तिचं स्वतःचं टेबल सगळ्यात शेवटी, शौचालयाच्या दाराशेजारी होतं. ते हॉफनागल मंडळाचं टेबल. मंडळात तिघंच होते.

एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात गावातल्या हॉफनागल बेकरीने डोनटच्या खोक्याच्या तळाला गावच्या संघातल्या खेळाडूंची चित्रं छापली होती. एका खोक्याच्या तळाला दोन कार्डं, भोवती लाल चौकट, चौकटीबाहेर ठिपक्यांची रेघ. पोरांनी रेघेवरून कात्री चालवायची आणि कार्ड कापून घ्यायचं. संघाचं नाव ग्लासमेन, कारण त्या वेळी गावात काचेच्या भट्ट्या होत्या. आता भट्ट्या नव्हत्या, बेकरी नव्हती आणि संघही नव्हता. त्या संघातला एकही खेळाडू पुढे मोठ्या संघात गेला नाही. छपाई भुरकट, चेहरे एकसारखे. म्हणून या कार्डांकडे कधी कुणी बघितलं नाही, आणि म्हणूनच रोवेनाने ती निवडली. बाकीचे संच शंभर जणांनी शंभरदा मोजून ठेवले होते. हा कुणीच मोजला नव्हता. तीस क्रमांक, तीस कार्डं. तिच्याकडे तिसांची तीस होती.

मंडळाचा अध्यक्ष हार्लन क्विग जन्मभर विमा विकत आलेला माणूस. आवाज असा, की त्याने हळू बोलायचं ठरवलं तरी पिरोगीवाल्या वळून बघत. तो आणखी वेगळ्या कारणासाठी हॉफनागलची कार्डं जमवायचा. टेबलाशी नवा माणूस आला की हार्लन त्याच्या हातात चौथ्या क्रमांकाचं कार्ड द्यायचा. त्यावर तेलाचा पिवळा डाग होता.

"वास घे," तो म्हणायचा. "घे, लाजू नकोस. रविवार सकाळ. चर्चमधून आलोय, आईच्या डोक्यावर हॅट आहे, बाबांच्या मांडीवर खोकं. आला का वास?"

माणूस बिचारा नाकाशी कार्ड धरायचा आणि आला म्हणायचा. नाही म्हणून सांगतो कुणाला. रोवेनाच्या मते तो साठ वर्षं जुन्या, खवट झालेल्या चरबीचा वास होता आणि तोसुद्धा आता उरलेला नव्हता. शिवाय त्या उन्हाळ्यात हार्लन सहा वर्षांचा होता. सुरुवातीला त्याला फक्त खोकं आठवायचं. पुढच्या वर्षी आईची हॅट आली, त्याच्या पुढच्या वर्षी बाबांची मांडी. आणखी दोन वर्षांत खुद्द हॉफनागल हातात डोनट घेऊन दारात उभा राहील, असं तिने बर्टला सांगून ठेवलं होतं.

बर्ट ल्युकाश मंडळाचा चिटणीस. सांगितलं ते लिहायचं आणि विचारलं तर लिहिलेलं वाचून दाखवायचं, यापलीकडे त्याला कामही नव्हतं आणि मतही नव्हतं. विनोद समजत नसल्याने तो कधी खोटं बोलत नसे.

त्या दिवशी तिघांना एकच काम होतं. देशभरातल्या जुन्या संचांची यादी छापणाऱ्या मोठ्या पुस्तकाने यंदा पहिल्यांदा हॉफनागल संचाला अर्धं पान देऊ केलं होतं. कार्डांची नक्की केलेली यादी दुपारी बाराला पाठवायची होती. एकदा ती छापली गेली की संच बंद. जे त्यात नाही ते नव्हतंच, असं पुढे शंभर वर्षं म्हटलं जाणार, कारण तपासून बघायला बेकरीचे कागद कुठे उरलेत? ते तर बेकरीबरोबरच जळले.

साडेदहाच्या सुमाराला एल्डन प्रुइट दारातून आत आला. भाचीने गाडीतून आणून सोडलं होतं. ऐंशी ओलांडलेला, लांब हाडांचा माणूस. उजव्या हाताची बोटं जुन्या कुंपणाच्या खुंटांसारखी वेगवेगळ्या दिशांना गेलेली. कॅचर म्हणून, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलत, खेळलेल्या माणसाची बोटं अशीच होतात. चेंडू हातमोज्याऐवजी बोटावर बसला की ते मोडतं, आणि तेव्हाच्या काळात बोट मोडलं की शेजारच्या बोटाला बांधून टाकत.

त्याला बघताच हार्लन खुर्चीतून उठला. "या, या! आले आमचे साडेसतरा!"

आजूबाजूच्या टेबलांवर हसू पसरलं. हे नाव वसंतातल्या मेळाव्यापासून चिकटलं होतं. एल्डनचं म्हणणं असं, की त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला संघाचा कॅचर तो होता आणि सतरा नंबरचं कार्ड त्याचं होतं. जूनमध्ये त्याचं अंगठ्याशेजारचं बोट मोडलं, संघाने त्याला घरी पाठवलं, आणि बेकरीने त्याचं चित्र काढून त्याच जागी नव्या कॅचरचं, व्हर्नन टॅकेटचं, चित्र घातलं. म्हणजे सतरा नंबरची कार्डं दोन. टॅकेटचं सगळ्यांकडे होतं. एल्डनचं फक्त एल्डनकडे.

मंडळाला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंच नव्हतं. इतकी वर्षं खपून मंडळाने तिसांचा संच ठरवलेला, आणि आता एक म्हातारा येऊन सांगतो की तुमचा संच अपुरा आहे. ते कुणाला आवडेल?

वसंतातल्या मेळाव्यात त्याने शर्टाच्या खिशातून, चष्म्याच्या डबीमागून, कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. कडा नागमोडी. एका बाजूला ठिपक्यांची रेघ आत राहिलेली, दुसऱ्या बाजूला कापली गेलेली, आणि तिसऱ्या बाजूला शेजारच्या कार्डाच्या लाल चौकटीचा काप तसाच चिकटून आलेला. मंडळाचा नियम रोवेनाने स्वतः लिहिलेला होता: कार्ड रुंदीला अडीच इंच हवं, कमीजास्त इंचाचा बत्तिसावा भाग चालेल. तिने ते कार्ड हातात घेतलं नाही. हातभर लांबून बघितलं आणि म्हणाली, "हे कात्रीनं कापलंय की उंदरानं?"

लोक पोट धरधरून हसले होते. एल्डनही हसला होता. मग त्याने कार्ड उचलून खिशात ठेवलं आणि विचारलं होतं, की कडा नीट असत्या तर चाललं असतं का. रोवेनाने खांदे उडवले होते. कडा वाईट असलेल्या कार्डाकडे मी बघत नाही, असं काहीतरी ती म्हणाली होती. तिला ते आता नीट आठवत नव्हतं. असली वाक्यं ती दिवसाला पाच-सहा बोलायची.

आज एल्डनने खिशात हात घातला नाही. कोटाच्या आतून त्याने एक जाड प्लास्टिकची पारदर्शक डबी काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. तो खूश दिसत होता.

"आता बघा, मॅडम," तो म्हणाला. "आता नाव ठेवायला जागा नाही."

डबीतल्या कार्डाच्या चारही कडा सुतासारख्या सरळ होत्या, आणि कागदाचा काप पांढराशुभ्र दिसत होता. जुना पुठ्ठा आतून पांढरा असतो, पण हवेला लागलेली कड साठ वर्षांत चहाच्या रंगाची होते. ही कड चार दिवसांपूर्वीची होती.

एल्डनने सगळं कौतुकाने सांगितलं. या बोटांनी आपल्याच्याने कात्री धरवत नाही, म्हणून तो छपाईच्या दुकानात गेला. तिथली बाई फार भली. तिने मोठ्या पात्याच्या यंत्रावर ठेवून चारी बाजू कापून दिल्या, ठिपके-बिपके, शेजारच्याचा तुकडा, सगळा गचाळपणा काढून टाकला, आणि डबी वर फुकट दिली. कापलेल्या चिंध्यांचं काय केलं, असं रोवेनाने विचारलं. एल्डनला प्रश्नच कळला नाही. कचरा कचऱ्यात गेला.

हार्लनने तोंडावर हात धरला. शेजारच्या टेबलावरचा एक कोपरेवाला उठून बघायला आला, त्याने एक नजर टाकली आणि "अरे देवा" म्हणून परत गेला. या लोकांत याहून मोठं पाप नाही. माणसाने बायको सोडली तर चार जण समजून घेतील. कार्डाची कड कापली तर कुणी शेजारी बसून कॉफी पिणार नाही.

रोवेनाने इंचाचा हजारावा भाग दाखवणारा आपला कॅलिपर काढला. तिला आकडा माहीत असल्यासारखाच होता, पण मोजायचं ते मोजायचं. तिने कार्ड डबीतून काढून पकडीत घेतलं.

"दोन पॉइंट चार एक दोन," ती म्हणाली. बर्टने लिहून घेतलं. चालण्याजोग्या कमीपेक्षा जवळजवळ तिप्पट कमी.

"संपलं," हार्लन म्हणाला. मग त्याने आवाज मऊ केला. विम्याचा दावा नाकारताना तो वापरत असे तो आवाज. "एल्डन, कापलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड. खरं असलं तरी मेलेलं. आणि खरं होतं हे तरी कशावरून? रुंदी नाही, ठिपके नाहीत. आम्ही काय छापायचं पुस्तकात?" आणि मोह आवरला नाही म्हणून जोडलं, "साडेसतराचे आता सव्वासतरा झाले हो."

पुन्हा हसू. या वेळी एल्डन हसला नाही. तो कार्डाकडे बघत राहिला.

"म्हणजे तेव्हा रुंद होतं म्हणून नको," तो सावकाश म्हणाला, "आणि आता अरुंद आहे म्हणून नको."

"तेव्हा अरुंद-रुंद काही ठरलंच नव्हतं," बर्ट म्हणाला. त्याने वहीची मागची पानं उलटली. "तेव्हा मोजलेलं नाही. आकड्याच्या जागी शेरा आहे. 'उंदीर'."

हार्लन हसायला लागला आणि रोवेनाचा चेहरा बघून थांबला.

तिला एल्डनची कीव आली नव्हती. कीव हा तिचा प्रांत नव्हता. ती तिने त्या खोकेवाल्या, आईवाल्या रडक्यांसाठी सोडून दिली होती. तिला टोचलं ते वेगळंच. तिच्या नावावर एक निकाल लिहिलेला होता आणि त्यात आकडा नव्हता. कारखान्यात तिच्या हाताखालच्या एका मुलाने न मोजता पेटी परत पाठवली होती, तेव्हा तिने त्याला त्याच दिवशी खोलीबाहेर काढलं होतं.

"आधी कापलं कुणी होतं?" तिने विचारलं.

"बहिणीनं. सात वर्षांची होती. स्वयंपाकघरातली कात्री घेऊन टेबलाखाली बसली. मी ओरडलो तिला, की वाकडं कापतेयस. तर म्हणाली, तूही वाकडाच खेळतोस." एल्डनने मान हलवली. "ते मात्र खरं होतं. अठ्ठावीस वेळा बॅट घेऊन उभा राहिलो, त्यात तीनदा फटका लागला. तिसऱ्या वेळी तर चेंडूच बॅटवर येऊन आपटला, मी डोळे मिटले होते. मी थोर होतो असं मी कुठं म्हणतोय? लीगच्या जुन्या नोंदीत माझं नाव प्रिविट लिहिलंय. ते तीन फटके प्रिविटचे झाले. टॅकेट नंतर आला तरी तो तुमच्या यादीत आहे. मी आधी होतो. एवढंच लिहा म्हणतोय."

"सगळ्यांनाच वाटतं आपण होतो म्हणून," हार्लन म्हणाला आणि घड्याळ बघितलं. अकरा वाजून गेले होते. यादी लिफाफ्यात घालायची होती, आणि त्याआधी पिरोगी संपायच्या आत गाठायचे होते.

रोवेना मात्र हलली नाही. ती सात वर्षांच्या पोरीचा विचार करत होती. अडीच इंच कुणाचे? बेकरीने ठिपके छापले होते. पण कात्री गावातल्या पोरांच्या हातात होती. कुणी ठिपक्यांच्या आतून कापलं, कुणी बाहेरून. आणि तरी तिच्या कपाटातली तीसच्या तीस कार्डं बरोबर अडीच इंच भरत होती. तिसांतलं एकही वाकडं नाही. एका गावातली सगळी पोरं टेबलाखाली बसून इतकी सरळ कापत होती? तिने आपलं पहिलं कार्ड उचलून कड उजेडाकडे धरली. कड पिवळी होती, पण पुठ्ठ्याच्या पाठीइतकी पिवळी नव्हती. वीस-पंचवीस वर्षांची असावी. दुसरं धरलं. तेही तसंच. कुणीतरी कुठल्यातरी तळघरात पात्याचं यंत्र लावून पोरांचा सगळा वाकडेपणा कापून काढला होता, आणि मग तिने ती विकत घेऊन, मोजून, बरोबर म्हणून खूण केली होती. फरक इतकाच, की त्या हाताने अडीच इंचांवर पातं ठेवलं होतं आणि छपाईवाल्या भल्या बाईला तेवढं कळलं नव्हतं.

इतकी वर्षं ती बेकरीला मोजतच नव्हती. ती कात्रीला मोजत होती, आणि तीही दुसऱ्याच कुणाच्या.

"बर्ट, नवं पान घे," ती म्हणाली.

"काय करतेयस?" हार्लनने विचारलं.

"चौकट मोजतेय. लाल चौकट. ती छापखान्यात झालीय, तिला कुणाची कात्री लागलेली नाही."

"नियम रुंदीचा आहे."

"नियम मी लिहिलाय. आणि गाढवासारखा लिहिलाय."

तिने आपल्या संचातून न बघता दहा कार्डं ओढून काढली, पत्ते पिसून काढावेत तशी. भिंग स्टँडला लावलं, कॅलिपरची अणकुचीदार टोकं चौकटीच्या डाव्या रेघेच्या बाहेरच्या काठावर आणि उजव्या रेघेच्या बाहेरच्या काठावर टेकवली, आणि एकेक आकडा सांगत गेली. चौकटीला टोकं लावायची म्हणजे चौकटीतल्या माणसाकडे बघावं लागे. वीस वर्षं तिच्याकडे असलेल्या या माणसांकडे ती बहुधा पहिल्यांदाच बघत होती. एकाच्या दातात फट होती. एकाची टोपी उसनी असावी, कानावर आली होती. तिने त्यांच्यावरून नजर काढून रेघेवर नेली. दहाही कार्डांच्या चौकटी दोन पॉइंट एक आठ पाच आणि दोन पॉइंट एक आठ आठ यांच्या मध्ये बसल्या.

"बरं, झालं," हार्लन म्हणाला. "चौकट काय, कुणीही छापेल. हल्ली घरोघर यंत्रं आहेत. फोटो काढला की झालं कार्ड."

"म्हणूनच ते दे. आपलं दहाव्या वर्षाचं."

मंडळाच्या दहाव्या वाढदिवसाला हार्लनने हौसेने चार नंबरचं कार्ड फोटोवरून छापून घेतलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला भेट द्यायला. डागासकट. टेबलावर त्याची चळत पडलेली असे. कुणी नेत नसे. रोवेनाने वरचं एक उचललं आणि त्याची चौकट मोजली. दोन पॉइंट एक सात एक. फोटोवरून छापलं की आकार थोडा आटतो. डोळ्याला दिसत नाही. तिने चळतीतली आणखी दोन मोजली. दोन पॉइंट एक सात शून्य आणि पुन्हा दोन पॉइंट एक सात एक.

आता टेबलाभोवती चार-पाच जण जमले होते. मघाचा कोपरेवालाही आला होता, हातात पिरोगीची बशी घेऊन. हार्लनने रोवेनाला बाजूला घेऊन सांगायचा प्रयत्न केला. त्याच्या आवाजात बाजूला घेणं म्हणजे अख्ख्या हॉलला सांगणं.

"तू त्या म्हाताऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतेयस. उतरवणार कोण? यादी पाठव, सगळ्यांची इभ्रत राहील. तुझीही. तुझी तीस म्हणजे पुरा संच आहे आज. उद्या तिसांचे एकतीस झाले, तर तुझ्याकडे काय राहिलं? एक कमी. आणि ते एक जगात फक्त याच्या खिशात."

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पुरा संच असलेली केलर्स फॉल्समध्ये ती एकटीच होती. ती खुर्चीत बसली आणि एल्डनकडे बघितलं.

"हे फोटोवरून केलेलं असेल तर आकडा त्या चळतीसारखा येईल. तुम्हाला कुणी भेट म्हणून करून दिलं असेल, बायकोनं, बहिणीनं, आणि सांगितलं नसेल, तरीही तसाच येईल. मी तोच सांगेन. गोड करून सांगणार नाही."

एल्डनने वाकडी बोटं टेबलाच्या कडेला टेकवली. "बहीण गेली," तो म्हणाला. "तिला विचारता येणार नाही. तुम्ही सांगा."

"मोजायच्या आत घेऊन जायचं असेल तर घेऊन जा. मग तुम्ही म्हणाल ते खरं, मी म्हणेन ते खरं. दोघंही मजेत."

"तसंच तर साठ वर्षं चाललंय," एल्डन म्हणाला. "मोजा."

रोवेनाने कार्ड भिंगाखाली ठेवलं. लाल चौकटीत एक लांब मानेचा पोरगा होता. डोळे उन्हाने बारीक झालेले, कान मोठे, चेहऱ्यावर आपल्याला इथून लवकरच काढणार हे कळल्यासारखा भाव. किंवा कदाचित उन्हाचाच. तिने बर्टला पेन्सिल तयार ठेवायला सांगितलं. शौचालयाचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर आलं, गर्दी बघून तिथेच उभं राहिलं.

तिने टोकं रेघांवर टेकवली, आकडा वाचला, टोकं उचलली. पुन्हा टेकवली. मग कार्ड उलटं फिरवून, वरची बाजू खाली करून, तिसऱ्यांदा मोजलं.

तिन्ही वेळा २.१८७ इंच. "चळतीखाली नको," ती बर्टला म्हणाली, "त्या दहांच्या खाली लिही."